रॅपगायन टिकेल काय?

(एका वसाहतीच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आठ्या पडल्या असतील. वकिलाने कायद्यावर बोलावे, हक्कांवर बोलावे; पोरासोरांच्या त्या भरभर म्हटलेल्या गाण्यांशी त्याचा काय संबंध, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा विषय मी शोधून काढलेला नाही. तो माझ्या कचेरीत स्वतःच्या पायांनी चालत आला.

गेल्या पावसाळ्यात आपल्याच वस्तीतील एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा एकवीस वर्षांचा, वाणिज्य शाखेचा पदवीधर. दिवसा तो एका गुदामात मालाचे हिशेब लिहितो आणि रात्री रॅपगीते रचतो. त्याच्या हातात एका ध्वनिमुद्रण कंपनीचा अकरा पानांचा करारनामा होता. त्याला त्यावर सही करावयाची होती आणि नोकरीचा राजीनामा द्यावयाचा होता. वडिलांनी मला करारातील एकाही कलमाविषयी विचारले नाही. त्यांचा प्रश्न एकच होता : "वकीलसाहेब, हे गाणे टिकणारे आहे, की दोन वर्षांची हौस आहे?"

मी त्यांच्याकडे मुदत मागितली. मुदत मागणे ही आम्हा वकिलांची जुनीच खोड आहे. त्या मुदतीत मी जे वाचले, ऐकले आणि ज्या खटल्यांचे निकाल चाळले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम हे गायन म्हणजे काय ते पाहू. ठेक्यावर, यमके साधीत, परंतु गाण्याच्या सुरात न म्हणता बोलण्याच्या लयीत म्हटलेले काव्य म्हणजे रॅप. त्याचा जन्म अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्या उत्तरेस काही मैलांवर हार्लेम नदी ओलांडली म्हणजे ब्राँक्स हा भाग लागतो. १९४८ नंतर या भागाच्या पोटातून एक मोठा मोटाररस्ता खोदून काढण्यात आला आणि हजारो कुटुंबे विस्थापित झाली. ज्यांना जाता येत होते ते निघून गेले. मागे राहिले ते नीग्रो म्हणून हिणवले गेलेले कृष्णवर्णीय लोक आणि पोर्तोरिकोहून आलेले गरीब. १९७०च्या दशकात तेथील कित्येक चाळी आगीत जळाल्या. त्यांतील काही तर विम्याच्या रकमेसाठी मालकांनीच जाळविल्या. त्याच सुमारास शहराची तिजोरी रिकामी झाली आणि शाळांतील संगीताचे वर्गही आटले.

अशा त्या भागात, सेज्विक अॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मुलीने नाचगाण्याची संध्याकाळ ठरविली. तिचे नाव सिंडी कॅम्पबेल. शाळा उघडण्यापूर्वी नवे कपडे घेण्यासाठी तिला पैसे हवे होते. मुलींना प्रवेश २५ सेंट, मुलांना ५० सेंट. तबकड्या वाजविण्याचे काम तिच्या भावाकडे होते. जमेकात जन्मलेला हा क्लाइव्ह कॅम्पबेल पुढे डीजे कूल हर्क या नावाने प्रसिद्ध झाला. नाचणारी मुले कोठे खुलतात ते त्याने हेरले होते. गायकाचा आवाज थांबतो आणि नुसता ठेका उरतो, त्या काही क्षणांत ती बेभान होत. म्हणून एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा पुनःपुन्हा वाजवू लागला. काही क्षणांचा ठेका पाच पाच मिनिटे लांबला. आणि त्या लांबलेल्या ठेक्यावर कोणीतरी ध्वनिक्षेपकातून बोलू लागला.

विकत घेतलेल्या वाद्यांतून हे संगीत निघाले नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दुसऱ्याने वाजवून ठेवलेल्या तबकडीतून ते निघाले. त्यामागे जमेकातील तबकडीवर बोलण्याची रीत होती, १९६८ मध्ये हार्लेममध्ये उभ्या राहिलेल्या 'लास्ट पोएट्स' या कवींच्या मेळ्याचे ढोलावरील काव्य होते. ज्याच्याजवळ पेटी नाही, तबला नाही, शिक्षक नाही, त्याच्याजवळ जीभ आहे. आणि जिभेवर भाषा आहे. असे गायन बंद पाडणे फार कठीण असते.

आता त्याच्या पहिल्या यशाची हकीकत ऐका. तिच्यात वकिलाला पुरेल इतका मजकूर आहे.

१९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' ही तबकडी निघाली आणि हे गायन ब्राँक्सच्या बाहेर देशभर पोहोचले. तिच्यामागील ठेका 'शीक' या मंडळींच्या 'गुड टाइम्स' या गाण्यातून घेतला होता. त्या गाण्याचे कर्ते नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी हक्क सांगितला, आणि रचनाकार म्हणून त्यांची नावे लागली. म्हणजे त्यांना हिस्सा मिळाला. परंतु त्या गाण्यातील शब्दांचा एक मोठा भाग ब्राँक्समधील दुसऱ्याच एका तरुणाच्या वहीतून आला होता. त्याचे नाव ग्रँडमास्टर कॅझ. गाणाऱ्याने ती वही मागून नेली आणि शब्द जसेच्या तसे म्हटले. इतके जसेच्या तसे की खऱ्या कवीचे टोपणनावही अक्षर अक्षर फोडून त्या तबकडीत म्हटले गेले आहे! चोरीच्या मालावर धन्याचे नाव कोरलेले असावे आणि तरीही धनी रिकाम्या हाताने परतावा, तसे झाले. कॅझला ना श्रेय मिळाले, ना पैसा. एकाकडे नोंदलेला हक्क होता, दुसऱ्याकडे नुसती वही होती. एकाच गाण्यात दोघांचे शब्द आणि सूर, आणि दोघांचे नशीब असे वेगळे.

कूल हर्कचेही ऐका. ज्या गायनावर पुढे कोट्यवधी डॉलरांचा व्यवहार झाला, त्याचा हा जनक २०११ साली आजारी पडला तेव्हा त्याच्याजवळ आजारपणाचा विमा नव्हता, आणि त्याच्यासाठी वर्गणी गोळा करावी लागली. मानसन्मान झाले, पण बऱ्याच उशिराने : रॉक संगीताच्या मानकऱ्यांच्या यादीत त्याचे नाव गेले २०२३ साली.

म्हणून "रॅप टिकेल काय" हा प्रश्न ऐकला की माझ्यातला वकील उलट विचारतो : कोणाजवळ टिकेल?

तरीही त्या गृहस्थांच्या प्रश्नाला सरळ उत्तर देणे भाग आहे. हे गायन संपले अशी आवई प्रथमपासून उठत आली आहे. आरंभी ते चार दिवसांचे फॅड आहे असे म्हणत. २००६ साली तर नास नावाच्या नामांकित रॅपगायकानेच आपल्या ध्वनिमुद्रिकेला 'हिप हॉप इज डेड', म्हणजे 'हिप हॉप मेले', असे नाव दिले. त्यानंतर अकरा वर्षांनी, २०१७ मध्ये, रॅप आणि त्याच्या जातकुळीचे संगीत खपाच्या बाबतीत अमेरिकेत प्रथमच रॉक संगीताच्या पुढे गेले. २०१८ साली केन्ड्रिक लामार या रॅपगायकाला संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. तोपर्यंत ते पारितोषिक केवळ शास्त्रशुद्ध पाश्चात्त्य संगीतरचनेला आणि क्वचित जॅझला मिळत असे. मृताच्या नावाने हे बरे श्राद्ध झाले!

उलट बाजूचा पुरावाही लपवून चालणार नाही. २०२३ साली हे गायन पन्नास वर्षांचे झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील 'बिलबोर्ड' या पत्राच्या शंभर गाण्यांच्या यादीत सप्टेंबर उजाडेपर्यंत एकही रॅपगीत पहिल्या क्रमांकावर चढू शकले नाही. आणि ऑक्टोबर २०२५ मधील एका आठवड्यात त्या यादीच्या पहिल्या चाळीस गाण्यांत एकही रॅपगीत उरले नाही. १९९० नंतर असे प्रथमच घडले. लगेच मृत्युलेख लिहिले गेले. परंतु साक्षीदाराची उलटतपासणी केल्यावाचून त्याची साक्ष मान्य करू नये. त्याच सुमारास त्या पत्राने फार काळ रेंगाळलेली गाणी यादीतून काढण्याचा नियम कडक केला होता आणि त्यामुळे एक रॅपगीत बाहेर पडले होते. शिवाय त्या आठवड्यात एकाच लोकप्रिय गायिकेच्या नव्या गाण्यांनी वरच्या जागा भरून टाकल्या होत्या. एवढे वजा केल्यावरही ओहोटी उरते, हे मी मान्य करतो.

ओहोटी म्हणजे मरण नव्हे, इतकेच. १९३०च्या दशकात जॅझ हे साऱ्या अमेरिकेचे नाचाचे संगीत होते. आज बाजारात त्याचा वाटा अगदी लहान आहे. पण ते मेले काय? विद्यापीठांत ते शिकविले जाते, नवे वादक तयार होतात, जुने ध्वनिमुद्रण जतन होते. रॅपचीही जपणूक सुरू झाली आहे. १९८२ सालचे 'द मेसेज' हे गरिबांच्या वस्तीचे दुःख सांगणारे गीत अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिसंग्रहासाठी २००२ साली केलेल्या पहिल्याच निवडीत घेतले. बाजारभाव पडला म्हणून ज्वारीची भाकरी खाण्याचे कोणी थांबवीत नाही. ज्या लोकांना बोलण्यासाठी दुसरे व्यासपीठ नाही त्यांना या गायनाची गरज उरली आहे की नाही, हे पाहिले पाहिजे.

ती गरज उरली आहे. फ्रान्समध्ये, सेनेगलच्या डाकार शहरात जन्मलेला एम. सी. सोलार १९९१ मध्येच फ्रेंच भाषेत रॅप करून मान्यता पावला. खुद्द सेनेगलमध्ये २०११ साली काही रॅपगायकांनी पत्रकारांच्या साहाय्याने 'यां ना मार', म्हणजे 'आता पुरे', ही चळवळ उभी केली. वस्त्यावस्त्यांतून तरुणांना मतदारयादीत नाव घालावयास लावले, आणि २०१२ च्या निवडणुकीत तिसऱ्यांदा सत्तेवर बसू पाहणाऱ्या अध्यक्षाचा पराभव झाला. श्रेय सर्वस्वी त्यांचे, असे मी म्हणणार नाही; परंतु मतदारयादीपर्यंत माणूस नेणारे गाणे करमणुकीपुरते राहत नाही. आपल्याकडे तमिळमध्ये अरिवू, ओरिसातील कोरापूटचा सुमीत सामोस यांनी जातीच्या प्रश्नावर रॅप केले. मुंबईच्या धारावीत आणि कुर्ल्यात मुलांनी ते उचलले, आणि २०१९ साली त्यावर मोठा हिंदी चित्रपटही निघाला. आपल्या वडीलधाऱ्यांना यात नवल वाटू नये. भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव जात असे तेव्हा अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत सभेचा मजकूर गाण्याने आणि सवाल-जबाबानेच पोहोचत असे. लोकांच्या तोंडी असलेली चाल घ्यावयाची आणि तिच्यावर आपले शब्द बसवावयाचे, ही युक्ती ब्राँक्सला सुचण्यापूर्वी आपल्या भीमगीतकारांनाही सुचली होती.

असो. हे गायन टिकेल, याविषयी मला शंका नाही. माझी काळजी निराळी आहे आणि ती न्यायालयाच्या वाटेने जाते.

फ्लोरिडा राज्यातील 'टू लाइव्ह क्रू' ही एक रॅपमंडळी. तिची गाणी मी माझ्या घरात लावणार नाही. ती अश्लील आहेत, आणि स्त्रियांविषयी त्यांत जे शब्द आहेत ते कोणत्याही आईबहिणीला ऐकवतील असे नाहीत. तथापि ज्यांची गाणी आपल्याला आवडत नाहीत त्यांच्याच खटल्यांत कायद्याची खरी परीक्षा होते. १९९० च्या जूनमध्ये एका संघीय न्यायाधीशाने त्यांची एक ध्वनिमुद्रिका अश्लील ठरविली. ती विकल्याबद्दल एका दुकानदाराला अटक होऊन शिक्षा झाली, आणि गाणाऱ्यांनाही कार्यक्रमानंतर पकडण्यात आले. ज्यूरीने गाणाऱ्यांना सोडले. १९९२ साली अपील न्यायालयाने न्यायाधीशाचा निर्णयही फिरविला. त्या गाण्यांना काहीच कलात्मक मूल्य नाही, हे सिद्ध करणारा पुरावा सरकारपक्षाने दिलाच नव्हता. न्यायाधीशाने नुसती ध्वनिफीत ऐकून मत बनविले होते. पुराव्यावाचून रुचीने निकाल देता येत नाही, हे तत्त्व या वाह्यात गाण्यांमुळे पक्के झाले.

दोन वर्षांनी हीच मंडळी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचली. एका जुन्या प्रेमगीताची त्यांनी थट्टा केली होती आणि मूळ गाण्याच्या मालकांनी दावा लावला होता. मार्च १९९४ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितले की, विडंबन पैशांसाठी केले असले तरी तेवढ्यामुळे ते बेकायदेशीर ठरत नाही. त्याने मूळात नवे काय घातले ते पाहिले पाहिजे. रॅपला याचा मोठा आधार झाला, कारण तत्पूर्वी १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशाने जुन्या गाण्याचा तुकडा परवानगीवाचून वापरल्याच्या प्रकरणात बायबलमधील चोरी न करण्याच्या आज्ञेनेच निकालपत्राचा आरंभ केला होता आणि प्रकरण फौजदारीकडे पाठविण्याची भाषा केली होती. त्या निकालानंतर प्रत्येक तुकड्यासाठी परवानगी आणि फी देणे भाग पडले. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनी ती दिली. ज्यांच्याजवळ नव्हता त्यांची रीतच बदलली. तबकड्यांचे वीस वीस तुकडे विणून केलेले गाणे त्यानंतर परवडेनासे झाले. एका निकालाने एका कलेची अशी एक शाखा छाटली जाते. कॅझच्या वहीला मात्र त्या आज्ञेचा लाभ कधी झाला नाही, हे जाता जाता लक्षात घ्या.

आणि याच मंडळींचा तिसरा खटला. कंपनीच्या दिवाळखोरीत त्यांच्या गाण्यांचे हक्क दुसऱ्याकडे गेले होते. अमेरिकेच्या कायद्यात अशी तरतूद आहे की कर्त्याने हक्क दिल्यापासून पस्तीस वर्षे झाली म्हणजे त्याला तो परत मागता येतो. मग करारात काहीही लिहिलेले असो. कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते की तरुणपणी, उपाशी पोटी केलेली सही ही मोकळ्या मनाने केलेली सही नसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मायामीच्या ज्यूरीने हक्क परत मागणाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. तोवर मंडळींतील दोघेजण मरण पावले होते. त्यांच्या वारसांना न्यायालयात उभे राहावे लागले.

येथवर शब्द चोरीला जाण्याची आणि शब्दावर बंदी येण्याची गोष्ट झाली. यापेक्षा भयंकर प्रकार असा की, गाणाऱ्याचाच शब्द त्याच्याविरुद्ध साक्षीला उभा केला जातो.

लुइझियाना राज्यातील मॅक फिप्स हा रॅपगायक. २००० साली एका नाचघरात गोळी सुटून एक तरुण मेला. फिप्सवर पूर्वीचा एकही गुन्हा नव्हता. दुसऱ्याच एका इसमाने गोळी आपण झाडल्याची कबुली दिली होती; पोलिसांनी ती मानली नाही. खटल्यात सरकारी वकिलाने फिप्सच्या दोन वेगवेगळ्या गाण्यांतील शब्द एकत्र जोडून ज्यूरीला ऐकविले, जणू तो कबुलीजबाबच. बारांपैकी दहा ज्यूरर दोषी म्हणाले. त्या राज्यात तेव्हा तेवढे पुरे होते. तीस वर्षांची शिक्षा झाली. सुमारे एकवीस वर्षे तुरुंगात काढल्यावर २०२१ मध्ये त्याची सुटका झाली. दोन निरनिराळ्या दस्तऐवजांतील ओळी जोडून मी तिसरा दस्त न्यायालयात सादर केला, तर माझी सनद जाईल!

न्यू जर्सीत स्किनर नावाच्या आरोपीच्या खटल्यात त्याच्या वह्यांतील तेरा पाने ज्यूरीला वाचून दाखविण्यात आली. त्यांतील काही मजकूर घटनेच्या कित्येक वर्षे आधी लिहिलेला होता आणि घटनेतील एकही तपशील त्यात नव्हता. २०१४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द ठेवली. शेरीफला गोळी घातल्याचे गाणे बॉब मार्लेने लिहिले म्हणून त्याने ती घातली असे कोणी समजत नाही, आणि एडगर अॅलन पो याने फळ्यांखाली प्रेत पुरल्याची कथा लिहिली म्हणून त्याच्या घरची जमीन कोणी उकरीत नाही, अशा आशयाचे उद्गार त्या निकालपत्रात आहेत. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला. १ जानेवारी २०२३ पासून तेथे कलाकृती पुरावा म्हणून दाखल करण्यापूर्वी न्यायाधीशाने ज्यूरीच्या अपरोक्ष तिची छाननी करणे आवश्यक झाले आहे. पण जॉर्जियात, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, यंग थग या गायकाच्या खटल्यात सतरा ठिकाणचे शब्द सशर्त दाखल करण्यास न्यायाधीशाने मुभा दिली. तो खटला त्या राज्याच्या इतिहासात सर्वांत लांबला. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी काही आरोप मान्य करून तो सुटला. तो निर्दोष होता असे माझे म्हणणे नाही. गाण्यावाचून जो पुरावा असेल त्यावर त्याचा न्याय व्हावयास हवा होता, एवढेच माझे म्हणणे आहे.

कादंबरीकाराला "तू खून केलास काय" असे कोणी विचारीत नाही. त्याच्या 'मी'ला लोक कल्पना समजतात. गरीब वस्तीतील काळ्या मुलाचा 'मी' मात्र शपथपत्र ठरतो. याचा अर्थ त्याला कल्पनाशक्ती असू शकते हेच मान्य नाही. हा अपमान आपल्या श्रोत्यांस नवा नसावा.

आपल्या राज्यातही २०२३ च्या एप्रिलमध्ये दोन तरुण मराठी रॅपगायकांवर राज्यकर्त्यांवर टीका करणाऱ्या गीतांमुळे गुन्हे नोंदविले गेले. आपल्या घटनेच्या १९व्या अनुच्छेदात भाषणस्वातंत्र्य आहे आणि त्यावरील मर्यादाही तेथेच मोजून लिहिलेल्या आहेत. सत्ताधाऱ्यास बोचणे ही मर्यादा त्या यादीत नाही.

स्त्रियांच्या अपमानाचा मुद्दा मी मघाशी घाईने सोडला. भगिनींनी तो सोडू नये. या गायनाचा तो खरा डाग आहे, आणि कायद्याने तो धुतला जाणार नाही. तो धुण्याचे काम अमेरिकेत गाणाऱ्या स्त्रियांनीच हाती घेतले. रॉक्सॅन शांते १९८४ साली चौदा वर्षांची असताना पुरुषांना गाण्यातूनच उत्तर देऊ लागली. क्वीन लतिफाने १९९३ मध्ये स्त्रियांना शिव्या देणाऱ्यांनाच जाब विचारणारे गीत केले व त्याला पुढे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. आपल्या मुलीही रचतात, हे मला ठाऊक आहे. त्यांना घरातून अडविले जाते, हेही ठाऊक आहे.

आता त्या अकरा पानांकडे वळतो.

करारात लिहिले होते की मुलाने रचलेली व पुढे पाच वर्षे रचावयाची सर्व गीते, साऱ्या जगात, कायमची, आज असलेल्या व पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांसाठी कंपनीची होतील. मोबदला एकरकमी चाळीस हजार रुपये. सातव्या कलमात, स्वामित्वधनाचा हक्क आपण सोडून देत आहोत, असे त्याच्याकडून वदवून घेतले होते.

आपला प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे आणि २०१२ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांच्या व संगीताच्या कर्त्याला आपला स्वामित्वधनाचा वाटा कंपनीच्या नावे सोडून देता येत नाही. तो त्याचे कायदेशीर वारस किंवा हक्कवसुलीची नोंदणीकृत संस्था यांच्याच नावे करता येतो. अन्य करार असेल तर तो निरर्थक आहे. म्हणजे सातवे कलम कागदावर असूनही नसल्यासारखेच. परंतु निरर्थक कलमही मुलाला ठाऊक नसेल तर कामास येते, आणि म्हणूनच ते लिहिलेले असते. त्याच कायद्याप्रमाणे करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची समजली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. 'कायमची' आणि 'साऱ्या जगात' हे शब्द कंपनीने इतक्या काळजीने का लिहिले, ते आता आपल्या ध्यानात येईल. अमेरिकेतील ती पस्तीस वर्षांनी हक्क परत मागण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. येथे सही करण्यापूर्वीच जागे व्हावे लागते. कर्त्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. म्हणजे हा मुलगा सही करील ती आपल्या नातवंडांच्याही वतीने.

मी त्या गृहस्थांना सांगितले की, गाणे टिकेल. तुमच्या मुलाचे त्यावर नाव टिकेल की नाही ते या पानांवर आहे. नोकरी सोडू नकोस, असे मुलाला सांगितले. ते त्याला रुचले नाही. आम्ही तीन कलमे खोडून आणि दोन नवी लिहून करारनामा परत पाठविला. कंपनीने मुदत तीन वर्षांवर आणली आहे, सातवे कलम गाळले आहे, आणि पुढे रचावयाच्या गीतांवरील हक्क मात्र अजून सोडलेला नाही. बोलणी चालू आहेत. मुलगा चिडला आहे. त्याचे गाणे चार महिन्यांपूर्वीच निघाले असते असे तो म्हणतो, आणि ते खरे आहे.

माझ्या वडिलांच्या ट्रंकेत भीमगीतांच्या चार पातळ पुस्तिका आहेत. त्यांतील दोहोंवर कवीचे नावच नाही. आई त्यांतील गीते अजून म्हणते. ती कोणी रचली हे विचारावयाचे कोणाला सुचले नाही, आणि आता सांगणारे कोणी उरले नाही.

ज्यांच्या घरी अशी रचणारी मुले-मुली आहेत, त्यांनी एवढे करावे. प्रत्येक गीत वहीत लिहून खाली तारीख व सही घालावी. मोबाइलवर म्हटलेले असेल तर ते स्वतःच्या नावाने स्वतःलाच टपालाने किंवा ई-मेलने पाठवून ठेवावे, म्हणजे तारखेचा पुरावा राहील. वही कोणाला उसनी देऊ नये. शब्दकार व संगीतकार यांचे पैसे वसूल करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासदत्व घेण्याची चौकशी करावी. आणि कोणताही कागद सहीसाठी पुढे आला तर तो घरी आणावा. कंपनी "आजच सही करा" म्हणाली तर खुशाल उद्या यावे.

रविवारी सकाळी दहा ते एक माझी कचेरी या कामासाठी उघडी असते. फी घेत नाही. येताना मूळ कागद आणावा. मोबाइलवर काढलेल्या फोटोंतून शेवटचे पान नेहमी सुटलेले असते.